काठीशी वैर

ते कुत्रं माझ्याकडे आलं ते मार खातच आलं. उन्हाळा तोंडावर होता, गावातल्या बायकांची वर्षाच्या तिखटाची घाई चालली होती, आणि मी कांडपाच्या मशीनपाशी तोंडाला फडकं बांधून उभी होते. आमची गिरणी गावाच्या तोंडाशी, संगमनेरच्या रस्त्यावर आहे. एका खोलीत दळण, दुसऱ्या खोलीत मिरची कांडप. मशीन चालू असली की शेजारी उभं राहून कोणी शिव्या दिल्या तरी कळत नाही, पण त्या दिवशीचं ओरडणं त्या आवाजातूनही आत आलं. मी मशीन बंद केली आणि बाहेर गेले.

रस्त्याखालच्या मोरीपाशी माणसं जमली होती. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात पाइपाचा तुकडा, एकाच्या हातात तर उसाचा कोयता. "पिसाळलंय," मला सांगण्यात आलं. चावलेला गडी तिथंच होता, पोटरीला रुमाल बांधून. वडापावच्या गाडीपाशी आपण कुत्र्याला लाथ घातली म्हणून ते चावलं, असं त्यानं स्वतःच्या तोंडानं दोनदा सांगितलं. तरी कुत्रं पिसाळलेलंच होतं.

दोघांनी त्याला मोरीतून दोरीच्या फासानं ओढून काढलं आणि मग जो तो आपली हौस भागवायला लागला. काठी हाडावर पडते तेव्हा एक आवाज येतो आणि मांसावर पडते तेव्हा दुसरा. दोन्ही आवाज मला तेव्हा कळले. कुत्र्याच्या तोंडातून रक्ताची तार लोंबत होती, मागचा एक पाय नुसता ओढला जात होता, आणि तरी ते पळायला बघत नव्हतं. ते काठीवर जात होतं. पडणारी प्रत्येक काठी हवेत असतानाच धरायला बघत होतं. एकाची काठी त्यानं खरंच दातात धरली, तेव्हा बाकीचे आणखी चेकाळले.

माझ्या नाकावर माशी बसत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी आत गेले, ताज्या तिखटाचं घमेलं उचललं आणि त्या घोळक्यात घुसले. म्हटलं, "आता जो काठी उचलील त्याच्या डोळ्यात हे." एक जण हसला आणि त्यानं काठी उचलली. मी मूठभर तिखट त्याच्या तोंडावर मारलं. तो रस्त्यावर बसला आणि असा किंचाळला की कुत्रंसुद्धा गप्प झालं. आपल्याला आठ दिवस दिसत नव्हतं, असं तो अजून सांगतो. दुसऱ्या दिवशी पारावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला तो मी पाहिला होता.

मग मी चावलेल्या गड्याला धरलं. "हे मेलं तर तुला कसं कळायचं पिसाळलेलं हुतं का न्हाई? सुया आजच घे. पन डाक्टर म्हनत्यात, कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. ते जगलं तर तू बी सुटला. आता मारा त्याला, मारा!" त्याचा चेहरा पिठासारखा झाला. अंगावर धावणाऱ्या कोयतेवाल्याला त्यानंच मिठी मारली आणि ओरडला, "आरं, मारू नका, माझ्या जिवाशी खेळू नका!" अशा रीतीनं ते कुत्रं वाचलं. दया कोणालाच आली नव्हती, मलाही नाही. मला राग आला होता.

गिरणीच्या मागं शेवग्याच्या झाडाला मी त्याला साखळीनं बांधलं. गुरांच्या डॉक्टरनं टाके घातले, पाय बांधून दिला, आणि कुत्र्याच्या तोंडापासून चार हात लांब राहून मला म्हणाला, "ताई, याला सांभाळून हं." नाव मी ठेवलं नाही. नाव ठेवलं की जीव अडकतो, आणि मला कुत्रं ठेवून घ्यायचं नव्हतं. दहा दिवस काढायचे होते. दहा दिवस गेले, ते मेलं नाही, उलट भाकरी मागायला लागलं. एक कान पार फाटून गेलेला, रंग गुळासारखा. कोंबड्या त्याच्या अंगावरून चालायच्या तरी डोळा उघडायचं नाही. दळणाला आलेल्या बायका म्हणायच्या, "किती गरीब हाय."

ते गरीब नव्हतं. एका सकाळी आमचे हे शेवग्याच्या शेंगा पाडायला आकडी लावलेला बांबू घेऊन झाडाखाली गेले. हे दूध संकलन केंद्रावर काम करतात आणि गावात यांच्याइतका शांत माणूस नाही. आमच्या दोघांत रागाचा सगळा वाटा मलाच आला आहे. यांनी बांबू वर उचलला, आणि त्याच कुत्र्यानं, रोज यांच्या हातचं दूध पिणाऱ्या कुत्र्यानं, यांची मांडी धरली. भुंकलं नाही, गुरगुरलं नाही. मी धावत गेले तोवर बांबू यांच्या हातून पडला होता. बांबू जमिनीवर पडल्याबरोबर कुत्र्यानं मांडी सोडली आणि यांच्या पायावरचं रक्त चाटायला लागलं. हे भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "माझ्यावर न्हाई त्याचा राग. काठीवर हाय."

मी नंतर झाडू उचलून पाहिला, फावडं उचलून पाहिलं. फावड्याच्या वेळी माझ्या मनगटावर दातांची रांग उठली आणि इंजेक्शनं घ्यायला आम्ही नवरा-बायको एकाच स्कूटरवर गेलो. हात उगारला तर ते नुसतं बघायचं. मोठ्यानं ओरडलं तरी शेपूट हलवायचं. पण लांब दांडा डोक्याच्या वर गेला की त्याच्यातलं कुत्रं जायचं आणि दुसरंच काही तरी यायचं.

ही गोष्ट गावात लपली नाही. चार मोठी माणसं गिरणीत आली, पाणी प्याली आणि म्हणाली, पिसाळलेलं नाही हे ठीक, पण चावरं तर आहे. तुम्ही त्याची सोय लावा, नाही तर गाव लावील. गावाची सोय म्हणजे काय ते मला माहीत होतं. मटणाच्या तुकड्यात पावडर.

म्हणून मी घर शोधायला लागले. आणि शोधायला लागल्यावर कळलं की आमच्या भागात काठी नाही असं घरच नाही. गाय आली की काठी आली. शेळ्या आल्या की काठी आली. म्हातारा असला की काठी, साप निघतो म्हणून काठी, माकडं येतात म्हणून काठी, आणि काहीच नसलं तरी दाराच्या मागं एक असावी म्हणून काठी. माझी बहीण नगरला फ्लॅटमध्ये राहते, तिला विचारलं, तर ती म्हणाली, "तुझं डोकं फिरलंय का?"

शेवटी प्रवरेच्या पलीकडचा एक डाळिंबवाला आला. त्याला बागेच्या राखणीला जहाल कुत्रं हवं होतं. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आसलंच पायजे." त्यानं कुत्र्याला पोत्यात घातलं, तोंड आवळलं आणि टेम्पोत टाकलं. नदी ओलांडताना कुत्र्याला वाट दिसू द्यायची नाही, म्हणजे ते परत येत नाही, अशी आमच्याकडची रीत. पोतं टेम्पोत हलत होतं आणि मी बघत उभी होते. रीत आहे म्हटल्यावर माणूस काय काय बघत उभा राहतो!

महिन्याभरानं मी न सांगता तिकडे गेले. हे स्कूटर चालवत होते, मी मागं. बागेच्या फाटकापाशी कुत्रं आखूड तारेनं खांबाला बांधलेलं होतं. तार मानेच्या कातडीत रुतून तिथं पू झाला होता. धड असलेला दुसरा कान मुळापासून कापला होता, कान कापला की कुत्रं जहाल होतं म्हणून. भाकरीत रोज तिखट, तेही त्यासाठीच. आणि डाळिंबवाल्याकडे व्यापारी आले होते, त्यांना गंमत दाखवायला तो लांबून काठी उगारत होता. कुत्रं झेप घ्यायचं, तार ताणली जायची, ते हवेतच उलटं पडायचं. पुन्हा काठी, पुन्हा झेप. व्यापारी हसत होते.

मी त्याच्या हातातली काठी हिसकून घेतली नाही, कारण मग कुत्रं माझ्यावर आलं असतं. मी त्याच्या मुस्काटात मारली. एक मारली, मग दुसरी मारली, आणि तो वाकला तेव्हा पायातली चप्पल काढून पाठीत चार घातल्या. व्यापारी मध्ये पडले. हे तेवढ्यात स्कूटरमधल्या पक्कडीनं तार तोडत होते, आणि तोडता तोडता त्या माणसाला म्हणत होते, "राहू द्या, भाऊ, तिला बीपी हाय." मला बीपी नाही. पण यांची भांडण मिटवायची हीच पद्धत आहे.

कुत्रं परत शेवग्याखाली आलं. आता त्याला दोन्ही कान नव्हते, मानेभोवती उघडी जखम होती, आणि गावातली माणसं पहिल्यापेक्षा जास्त रागात होती. मी त्याच्या जखमेत हळद भरायचे आणि शिव्या द्यायचे, त्याला, डाळिंबवाल्याला, गावाला, स्वतःला.

याच दिवसांत ती यायला लागली. पाटाच्या कडेच्या वस्तीवरली, तिशीच्या आतली बाई, बाजरीचं दळण घेऊन यायची. तिचा नवरा तिला मारतो हे गावाला पाठ होतं. ओठ फुटलेला असला की नळावर पडले, हात सुजलेला असला की म्हशीनं ढकललं. दळण होईपर्यंत बाकीच्या बायका ओट्यावर बसायच्या, ही मागं कुत्र्यापाशी जाऊन बसायची. दोघं एकमेकांना काही करायची नाहीत. कुत्रं तिच्या पायाशी हनुवटी टेकून पडायचं आणि ती भिंतीकडे बघत बसायची.

एकदा ती उठताना कण्हली. पदर सरकला. पाठीवर लांब निळे पट्टे होते, हाताचे नव्हेत. मला काय ते कळलं. मी म्हटलं, "पोलिसात चल. मी येते." ती म्हणाली, "गेल्ते. त्यांनी त्यालाच चहा पाजला." मग कुत्र्याकडे बघून म्हणाली, "मावशी, हे मला द्या."

"तुला? तुझ्या घरात काय काठीचा दुष्काळ हाय?"

"न्हाई ना," ती म्हणाली. "म्हनूनच."

मी तिला नाही म्हटलं. रात्रभर मला झोप लागली नाही ती रागानं. मार खाल्लेलं जनावर पुन्हा मारक्याच्या दारात बांधायचं, तर मग डाळिंबवाल्यानं काय वाईट केलं होतं? हे म्हणाले, "मानसांचं भांडन कुत्र्याच्या गळ्यात बांधू नको." मी म्हटलं, "मानसांच्या गळ्यात कोन बांधून घेतंय? ह्या मुक्या जनावराला मारायला निम्मा गाव काठ्या घेऊन आला हुता. तिच्यासाठी एक तरी आला का?" खरं म्हणजे आम्ही दोघंही गेलो नव्हतो.

दोनच दिवसांनी सकाळी शेवग्याखाली एक कावळा मरून पडला होता आणि त्याच्याजवळ मटणाचा तुकडा. कुत्र्याची साखळी तिथवर पोचत नव्हती म्हणून ते वाचलं. फेकणाऱ्याचा नेम चुकला होता. पुढच्या वेळी चुकला नसता. मी तिला निरोप धाडला.

ती आली. मी पोतं आणलं नाही. तिला म्हटलं, उघड्या डोळ्यांनी ने, सगळी वाट त्याला दिसू दे. परत यावंसं वाटलं तर येईल. ती पुढं आणि ते मागं, पाटाच्या कडेनं गेली. मी आत येऊन मशीन चालू केली आणि दिवसभर कोणाशी बोलले नाही.

तिचा नवरा खूश झाला. डाळिंबवाल्याच्या बागेतलं जहाल कुत्रं फुकट दारात आलं, आणखी काय हवं? काठीचं त्यालाही माहीत होतं. गावात कोणाला माहीत नव्हतं? पण त्यानं आपलं डोकं चालवलं. रोज संध्याकाळी चिकनच्या दुकानातून माना आणि पंजे आणायचा आणि स्वतःच्या हातानं कुत्र्याला घालायचा. बायकोला भाकरीचा तुकडासुद्धा घालू द्यायचा नाही. ज्याच्या हातचं खातं त्याचंच कुत्रं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. गिरणीत येऊन मलाच म्हणाला, "बगा मावशी, खाल्ल्या मिठाला कसं जागतंय." आणि खरंच, ते त्याच्या मागं मागं पानाच्या टपरीपर्यंत जायचं, त्याच्या चपलेवर डोकं ठेवून बसायचं. मी रस्त्यावरून त्याला हाक मारली तर शेपटीचं टोक हलवलं, उठलं नाही. मला त्याचा असा संताप आला! "हरामखोर," मी त्याला भर रस्त्यात म्हटलं. "तुझ्यापेक्षा तो कावळा बरा हुता."

ती गिरणीत यायची बंद झाली. दळण तो स्वतः आणायला लागला. मी विचारलं तर म्हणायचा, घरी काम आहे. मला रोज वाटायचं, आज जावं तिच्या दारात. रोज दळण असायचं.

मग एक दिवस तो हाताला खांद्यापासून बोटापर्यंत पट्टी बांधून टपरीवर बसलेला दिसला. रानडुकरानं धरला, तो सांगत होता. उसाला पाणी द्यायला गेल्तो, एवढं मोठं डुक्कर, आसे सुळे. लोक भोवती बसून ऐकत होते. कोणी म्हणालं, वनखात्याला अर्ज कर, पंचनामा होईल, भरपाई मिळेल. तो म्हणाला, "जाऊ द्या, कशाला सरकारला तरास." आमच्या गावात सरकारच्या त्रासाची काळजी करणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मी गिरणीत येऊन यांना म्हटलं, "डुकराला कान न्हवते वाटतं."

त्याच आठवड्यात ती आली. डोक्यावर दळण, मागं कुत्रं, मोकळं. ओट्यावर बाकीच्या बायका होत्या म्हणून ती काही बोलली नाही. त्या गेल्यावर मी दळण चालू केलं नाही. म्हटलं, "सांग."

तिनं सांगितलं. कुत्रं आल्यापासून तो हातानंच मारत होता. थोबाडीत, पाठीत, केस धरून. कुत्रं बघत बसायचं. तीही त्याच्याकडे बघायची आणि तिला वाटायचं, हेही त्याच्याच हातचं झालं. नवऱ्यालाही तसंच वाटलं. त्याची भीड चेपली. त्या संध्याकाळी म्हशीनं दूध चोरलं, पान्हाच सोडला नाही, आणि त्याचं खापर हिच्यावर. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तो गोठ्यातली काठी घेऊनच आत आला. बाहेर कुत्र्यापुढं त्यानं नुकत्याच कोंबडीच्या माना टाकल्या होत्या. पहिली काठी हिच्या खांद्यावर बसली. दुसरी वर गेली ती वरच राहिली.

"आवाज बी केला न्हाई त्यानं," ती म्हणाली. "तोंडात मान तशीच हुती, ती टाकली आन आला." कुत्र्यानं दंड धरला, मग कोपराखाली धरलं. नवऱ्याला काठी सोडायचं सुचलं नाही. मारणाऱ्याचा हात काठीवर घट्ट होतो, तसा तो घट्ट झाला आणि उघडेचना. तो काठी धरून ओरडत राहिला आणि कुत्रं त्याला धरून राहिलं. त्यानं तिला हाक मारली. नावानं मारली. लग्न झाल्यापासून त्यानं तिला नावानं कधी हाक मारली नव्हती.

मी म्हटलं, "आता तो मारील याला."

"कशानं?" ती म्हणाली.

"विष घालील."

"त्याच्या हातचं आता खात न्हाई ते. आन त्यो घराकडं येतो तवा आदी लांबून हाका मारतो, कुत्रं बांधलंय का म्हनून." ती थोडी हसली. ओठ अजून पूर्ण भरला नव्हता. "मी म्हनते, न्हाई बांधलं."

मला हे सगळं ऐकून बरं वाटलं. फार बरं वाटलं. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय मला राहवेना. काठी पडल्याबरोबर सोडतं ते. पण ती काठी तर त्याच्या हातून सुटतच नव्हती. मग सोडवलं कोणी?

"मीच," ती म्हणाली. "मी हाक मारली की येतं."

"लगेच मारलीस ना हाक?"

तिनं मान हलवली. नाही.

"तव्यावर भाकरी हुती, मावशी. ती उलथली. मग चुलीच्या तोंडाला लावली, फुगू दिली. दोन्ही अंगानं शेकली. टोपलीत ठिवली. मग मारली हाक."